मान हलवली की होय

अंथुर्णे,
२७ ऑक्टोबर २०२५

चि. उत्कर्षास आईचे पोटभर आशीर्वाद.

गाडी सुटेपर्यंत तू खिडकीतून बोटांनी काहीतरी सांगत होतीस आणि मी खालून मान डोलवत होते. मला वाटलं, तू म्हणतेयस जेवून घे. घरी येऊन बघते तर चकल्यांचा डबा ओट्यावर. दिल्लीला शिबिराला निघालेली पोर चकल्यांसाठी जीव तोडून हातवारे करतेय आणि आई खाली उभी राहून होय होय करतेय. तुझ्या तात्यांना सांगितलं तर ते हसले आणि डबा उघडून बसले.

आपल्या आळीतला ऋषिराज म्हणतो, "काकू, आता कोण पत्र लिव्हतं? मेसेज टाका की." मी म्हटलं, तुझ्या मेसेजात माझं अक्षर दिसतं का? पुण्याला वसतिगृहात होतीस तेव्हापासूनची आपली सवय आहे. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला त्या बारक्या अक्षरांवर बोट नीट टेकवता येत नाही. अंगणवाडीच्या नोंदी भरून भरून हात लिहायलाच वळलाय. तेव्हा मी पान लिहीन, तो फोटो काढून पाठवील. तूही तसंच कर. टाइप केलेलं पाठवलंस तर मी वाचणार नाही.

गावातली बातमी म्हणजे तूच. तरुण मंडळानं स्टँडवर फ्लेक्स लावलाय. कॉलेजातला तुझा तो फोटो, मागं जपानचा डोंगर, आणि वर लिहिलंय, 'अंथुर्णेच्या सुवर्णकन्येची टोकियो ऑलिम्पिकसाठी निवड'. मंडळात ऋषिराजही आहे, त्याला विचारलं, अरे सोनं कुठलं, अजून ती पोचलीसुद्धा नाही. आणि ऑलिम्पिक कसलं, कर्णबधिरांच्या जागतिक स्पर्धा आहेत ना? तो म्हणाला, "डेफलिंपिक म्हटलं तर कुणाला कळंना, काकू. आन कर्णबधिर लिवायला जागा न्हवती."

एवढ्या मोठ्या फ्लेक्सवर जागा नव्हती. पण खरं सांगू, मी पुढं काही बोलले नाही. तो शब्द चौकात टांगलेला मला बघवला नसता. तू रागावशील, रागाव.

केस कानावर सोडत जा, मशीन दिसत नाही. थंडीत कानाला बरंही असतं. आणि परक्या लोकांत कुणी काही विचारलं आणि कळलं नाही, तर सारखं 'काय, काय' करू नकोस. माणसं कंटाळतात. हसून होय म्हणायचं. निम्म्या जगाला तेवढंच हवं असतं.

तुझी आई

•

दिल्ली,
२ नोव्हेंबर २०२५

ती. आईस उत्कर्षाचा नमस्कार.

चकल्यांचं काय झालं ते वाचून खोलीतल्या पोरींना खुणांनी सांगितलं. सगळ्या लोळल्या. इथे आम्ही हसतो तेव्हा फार आवाज होत असेल, कारण खालचा पहारेकरी वर येतो.

तुझं 'हसून होय' मला चांगलंच पाठ आहे. गेल्या मे महिन्यात वडगाव निंबाळकरचे पाहुणे मला बघायला आले होते, आठवतं का? तू पाहुण्यांच्या मागे स्वयंपाकघराच्या दारात उभी. ठरलं होतं की तू मान हलवलीस की मी होय म्हणायचं आणि पदर सारखा केलास की नाही. शिक्षण विचारलं, झालं. स्वयंपाक विचारला, झाला. मग नवऱ्या मुलाच्या मामांनी विचारलं असणार, मुलीला काही दोष वगैरे आहे का, आणि नेमकं तेव्हाच आतून शेजारच्या बनाबाईंनी तुला चहा नेऊ का म्हणून विचारलं. तू त्यांना मान हलवलीस आणि मी मामांना म्हणाले, होय. आयुष्यात एकदाच त्या माणसांशी खरं बोलले, तेही चुकून. मामांच्या हातातली बशी मला अजून दिसते.

तेव्हा मी रात्रभर रडले होते. आता हसू येतं. पण आई, तुला सांगते, मला ते मान बघून बोलणं आता नको वाटतं. माणसाचा प्रश्न राहतो बाजूला, मी नुसतं तोंड वाचत बसते की आता याला काय हवंय.

इथे एक वेगळी गोष्ट मिळाली. आपल्याकडे सुटायला बंदूक असते. मशीन काढून धावायचं तर मला ती कधीच ऐकू आली नाही. शेजारणीची टाच हलली की मी सुटायचे. म्हणजे प्रत्येक शर्यतीत मी दुसऱ्याच्या मागून निघालेली. आमच्या प्रशिक्षक सुप्रिया मॅडमनी इथे पहिल्या दिवशी जमिनीजवळ एक दिवा ठेवला. लाल म्हणजे जागेवर, पिवळा म्हणजे तयार, हिरवा म्हणजे सुट. पहिल्यांदा सगळ्यांबरोबर निघाले. मला पळता पळता काय झालं कुणास ठाऊक, वळणावर डोळे भरून आले आणि मॅडमनी मागाहून झापलं की रडल्यानं वेग जातो.

टोकियोला हाच दिवा असणार. मॅडम म्हणतात चारशे मीटरमध्ये मी अंतिम फेरीपर्यंत जाईन. पदकाचं मला माहीत नाही. भरलेल्या मैदानात, सगळ्या जगाबरोबर एकाच वेळी निघायचं, एवढं एकदा मला हवं आहे. त्यासाठी म्हसोबाला काय बोलायचं ते बोल.

तात्यांना सांग, कालव्यावर एकटे फिरायला जाऊ नका.

तुझी उत्की

•

अंथुर्णे,
८ नोव्हेंबर २०२५

चि. उत्कर्षास आशीर्वाद.

मामांच्या बशीची आठवण काढलीस, मला दिवसभर धड काम सुचलं नाही. मी तुझ्या भल्यासाठीच उभी होते दारात. असो.

तात्या रोज सकाळी कालव्यावर जातात. तू पळायचीस त्याच भरावावरून. मी विचारलं, तिथं काय आहे आता? म्हणाले, "वाट मोडू नये म्हनून जातोय." कारखाने सुरू झालेत. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्याच ट्रॉल्या, आणि ट्रॅक्टरवर गाणी अशी की माझंही डोकं उठतं. तू इथे नाहीस याचं या दिवसांत मला बरं वाटतं. मागून ट्रॉली आली तर तुला कळणार नाही, या एका विचारानं मी तीन हंगाम घरात बसून काढलेत. तुला कधी म्हटलं नाही.

आता एक गंमत ऐक. वडगावच्या त्याच मामांचा परवा निरोप आला. फ्लेक्सचा फोटो त्यांच्यापर्यंत गेलाय. म्हणतात, "ऑलिम्पिकची पोरगी हाय, आमचंच चुकलं, पुन्यांदा बसू." मी तोंडावर काही म्हटलं नाही. आधी ताणू दे जरा. पण तू मोबाइलवर मशीन लावलेले फोटो टाकू नकोस, एवढं माझं ऐक.

कागदपत्रं नीट ठेव. पुण्याच्या डॉक्टरांनी दिलेला कानाचा तक्ता वेगळ्या पिशवीत घातलाय. ते म्हातारे डॉक्टर मला आवडले होते. मी तुझ्यासमोर उभी होते तर मला बाहेर काढलं आणि तुला म्हणाले डोळे मिट. बाहेर बसून मला वाटत होतं, एकटीला काय जमणार हिला. तेव्हा जितकं कमी ऐकू येईल तितकं तुझ्या स्पर्धेला चांगलं, हे माझ्या डोक्यात काही केल्या शिरत नव्हतं. अजूनही नीट शिरलेलं नाही. जन्मभर ज्यासाठी नारळ फोडले त्याच्या उलटं मागायचं म्हणजे देवसुद्धा गोंधळेल.

जपानी माणसं फार नम्र असतात असं ऋषिराज म्हणतो. त्यांचा मान ठेव. त्यांना एकच गोष्ट दोनदा विचारायला लावू नकोस.

तुझी आई

•

टोकियो,
१४ नोव्हेंबर २०२५

ती. आईस नमस्कार.

पोचले. हे शहर एवढं मोठं आहे की बारामती, इंदापूर आणि मधली सगळी गावं त्याच्या एका स्टेशनात मावतील. पण मला पहिल्या दिवसापासून परकं वाटलं नाही. कारण सांगू? इथे जे बोललं जातं ते लिहूनही दाखवतात. स्टेशनवर पडद्यावर अक्षरं येतात, गाडी का थांबली, कुठली येतेय. आपल्याकडे स्टँडवर कर्ण्यातून काहीतरी पुकारतात आणि मी लोकांच्या पायांकडे बघून गाडी ओळखते.

दुकानातल्या म्हाताऱ्या बाईंनी मला खुणेनं 'धन्यवाद' करून दाखवलं. त्या स्पर्धेसाठी शिकल्या होत्या. आणि टाळ्या! इथे कुणी हात आपटत नाही. दोन्ही हात वर करून पंजे हलवतात. अख्खं सभागृह हलताना बघितलं आणि वाटलं, टाळ्या अशा असतात तर. मला आजवर नुसते आपटणारे हात दिसायचे.

मी केस वर बांधले आहेत, आई. इथे प्रत्येकाच्या कानाला काहीतरी आहे, झाकून काय करायचं? धावताना मात्र मशीन काढावंच लागतं, सगळ्यांना, म्हणजे सगळे सारखे. माझा फोटो पाठवणार होते, पण तुझ्या भीतीनं तात्यांनाच पाठवला. त्यांनी नुसता अंगठा पाठवला.

अडचण एकच. निम्मी माणसं तोंडाला मास्क लावतात. ओठ दिसत नाहीत. नुसते डोळे वाचायचे. ते मला येतं, तुझ्याच शाळेतली आहे.

उद्या आमच्यापैकी काही जणींची पुन्हा कानाची तपासणी आहे. चिठ्ठी टाकून नावं काढल्यासारखी काढतात. ठरलेला नियम असा की चांगल्या कानातसुद्धा पंचावन्न डेसिबलच्या खालचं ऐकू येता कामा नये. पुण्याच्या तक्त्यात माझं त्याच्या बरंच वर आहे, तेव्हा काळजी नाही. मॅडमना दुसऱ्या मुलींबरोबर मैदानावर जावं लागणार, म्हणून मी एकटीच जाणार आहे. एक दुभाषी दारापर्यंत असेल.

उत्की

•

अंथुर्णे,
१४ नोव्हेंबर, संध्याकाळ

चि. उत्की,

पत्र आत्ताच ऋषिराजनं वाचायला दिलं. घाईत लिहितेय, तो निघालाय.

एकटी जाणार म्हणतेस, तेव्हा एवढं ऐक. कानाची परीक्षा म्हणजेही परीक्षाच. नीट लक्ष दे. डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडे बघ, त्यांना काय हवंय ते कळेल. गोंधळलीस तर मला आठव, मी दारात उभी आहे असं समज.

केस बांधलेस ते बांधलेस. फोटो तात्यांनी दाखवला. चांगली दिसतेस.

आई

•

टोकियो,
१६ नोव्हेंबर

आई,

काल तपासणी झाली, आज निकाल आला. माझे कान ठरवलेल्यापेक्षा चांगले निघाले. त्यामुळे मला थांबवलंय. मॅडम समितीशी बोलायला गेल्यात. बाकी नंतर लिहिते. आता नाही लिहिता येत.

उत्की

•

अंथुर्णे,
१७ नोव्हेंबर २०२५

माझ्या सोन्या,

एका हातात पेढ्यांचा पुडा आहे, अक्षर सांभाळून घे.

ऋषिराजनं ते चार ओळींचं पान दाखवलं, मी तीनदा वाचलं. तुझे कान चांगले निघाले! जपानच्या मशिनीनं काढलं म्हणजे चुकायचं कारण नाही. आपल्याकडच्या डॉक्टरांनी तू चार वर्षांची असताना तो ताप उतरल्यावर सांगितलं होतं, आता आहे तेवढंच राहील, वाढणार नाही. त्यांना आता नेऊन दाखवायला पाहिजे.

मी आधी देवापुढे बसले. मग म्हसोबाला नारळ फोडला. मग पेढे आणायला ऋषिराजला इंदापूरला पिटाळलं. आळीत वाटले, अंगणवाडीत वाटले, दूध घालायला आलेल्यांना वाटले. बनाबाई पेढा तोंडात धरून रडायला लागल्या. म्हणाल्या, "पोरीनं लई सोसलं गं. आता मागनं हाक मारली तरी वळल बघ." मला तर तुला हाक मारायचीच घाई झालीय. सतरा वर्षं झाली, तुझ्यासमोर येऊन, खांद्याला हात लावून बोलायची सवय. आता स्वयंपाकघरातून नुसती 'उत्की' म्हणेन आणि तू 'ओ' देशील.

पळायचं थांबलं म्हणतेस, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तुझी मेहनत मला माहीत आहे. पण बाळ, ज्याला ऐकू येतं त्यानं बहिऱ्यांच्या शर्यतीत कशाला पळावं? आता बंदुकीच्या शर्यतीत पळ. वडगावलाही कळवलंय. मामा म्हणाले, "मग तर काय प्रश्नच न्हाय."

तुझे तात्या तेवढे विचित्र वागतात. पेढा हातात घेऊन बसून राहिले. मी म्हटलं, खा की. तर मला विचारतात, "तिला खरंच ऐकू आलं, का तू शिकीवलं तसं केलं?" मला इतका राग आला. चांगलं झालेलं या माणसाला सोसतच नाही. पेढा अजून देवाच्या ताटात आहे.

मशीन जपून आण, टाकून देऊ नकोस. आठवण म्हणून ठेवू.

तुझी आई

•

टोकियो,
१९ नोव्हेंबर २०२५

आई,

तुझं पान दोन दिवस मोबाइलमध्ये आहे. उत्तर लिहायला बसते आणि तुझं ते वाकडंतिकडं अक्षर बघून उठते. पण तू पेढे वाटलेस, आता मी गप्प राहिले तर अजून वाटशील.

मला काही ऐकू आलेलं नाही.

कसं झालं ते सांगते. खोली लहान होती. मला कानाला ते जाड गोल लावले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. खुर्ची अशी ठेवली होती की तपासणाऱ्या बाई माझ्या पाठीमागे. त्यांचं काही चुकलं नाही. पण समोर एक काचेचं कपाट होतं आणि काचेत त्या दिसत होत्या. तोंडाला मास्क, नुसते डोळे. त्या आवाज सोडायच्या तेव्हा नजर वर करून माझ्याकडे बघायच्या आणि मान किंचित खाली यायची. अगदी थोडी. इथली माणसं अशीच मान झुकवतात, ती त्यांची रीत आहे.

आई, मान हलली की माझं बोट दाबायचं. मी ठरवून केलं नाही. पहिल्यांदा दाबल्यावर त्यांचे डोळे हसल्यासारखे झाले आणि मला बरं वाटलं की चला, जमतंय. मग मी परीक्षा द्यायला लागले. एकदासुद्धा माझ्या मनात आलं नाही की इथे नापास व्हायचंय. उठताना मी त्यांना हसून धन्यवाद केलं, त्यांनीही केलं. बाहेर येऊन दुभाष्याला सांगितलं, छान झाली. जिन्यावर उतरताना लक्षात आलं की मी एकही आवाज ऐकलेला नाही.

मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या खुणा करता करता थांबल्या, मग डोकं धरून बसल्या. समितीकडे आम्ही दोघी गेलो. तिथले गृहस्थ स्वतः बहिरे आहेत, सगळं शांतपणे बघून घेतलं. ते म्हणाले, इतक्या वर्षांत बहिरं असल्याचं सोंग करणारे सापडले, म्हणून तर ही तपासणी असते. ऐकू येत असल्याचं सोंग केलेली तू पहिलीच. त्यांना हसायचं नव्हतं आणि मला रडायचं नव्हतं. पुन्हा तपासणी देतो म्हणाले, पण मशीन आणि माणूस मोकळं होणार एकवीस तारखेला. चारशेची पहिली फेरी काल होती. नियमाला ते काय करणार?

काल मी मैदानात बसले होते, खेळाडूंच्या नाही, लोकांच्या बाकावर. माझी सहा नंबरची लेन रिकामी होती. लाल झाला, पिवळा झाला, हिरवा झाला. सगळ्या एकदम निघाल्या. सहा नंबरचा दिवासुद्धा पेटला, तिथे कुणी नसताना. लोकांनी हात हलवले. मीही हलवले, काय करणार.

तुझ्यावर राग आहे का, असं तू विचारशील. आहे. आणि तू जवळ असतीस तर तुझ्याच मांडीवर डोकं ठेवून रडले असते. दोन्ही खरं आहे.

तात्यांना म्हणावं, पेढा खाऊ नका.

उत्की

•

अंथुर्णे,
२३ नोव्हेंबर २०२५

चि. उत्कर्षास,

चार दिवस लिहिलं नाही. ऋषिराज रोज येऊन दारात उभा राहायचा, पान आहे का विचारायचा, मी नाही म्हणायचे. त्यानंच मला तुझं पत्र मोठं करून दाखवलं होतं. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "काकू, म्या कुनाला सांगत न्हाय." म्हणजे तोही माझ्याच शाळेतला झाला.

मी तात्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ताटातला पेढा उचलला आणि बाहेर जाऊन गाईला घातला.

दारात उभी आहे असं समज, असं मीच तुला लिहिलं होतं. माझ्याकडे ते पान आहे. आता त्यावर काय लिहू? तू लहान होतीस तेव्हा आळीतली पोरं मागून डबा वाजवायची आणि तू वळली नाहीस की हसायची. तेव्हापासून मी तुझ्यासमोर उभी राहायला लागले. डबा वाजला की मी मान हलवायची आणि तू वळायचीस. पोरं गप्प व्हायची. मला वाटलं, मी तुला वाचवतेय.

आता गावाचं ऐक. काल ठरवून निघाले की सगळ्यांना सांगायचं. बनाबाईंच्या ओट्यावर चार बायका बसल्या होत्या. मी तोंड उघडायच्या आधीच एकीनं विचारलं, "उत्कीला ऐकायला यायला लागलं म्हनं, खरं हाय का?" सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, इतक्या आनंदानं की काय सांगू. आणि मी हसून म्हणाले, "व्हय." जीभ वळली नाही, उत्की. न्हाय एवढा लहान शब्द, पण माझ्या तोंडून निघाला नाही. घरी येऊन मोरीत बसले.

आज तर हाताबाहेर गेलंय. मंडळानं नवा फ्लेक्स केलाय, 'टोकियोत चमत्कार'. तू ज्या दिवशी स्टँडवर उतरशील त्या दिवशी हलगी लावणार आहेत. वडगावचे मामा माणसं घेऊन येणार आहेत. आणि पोरांनी ठरवलंय की तू गाडीतून उतरून चार पावलं गेलीस की सगळ्यांनी मिळून मागून हाक मारायची. बनाबाई पहिली मारणार. ऋषिराजला अडवायला सांगितलं, तो म्हणतो आता कोण ऐकतंय.

मला दुसरं काही सुचत नाही. तू असं कर. मी फ्लेक्सच्या खांबाजवळ तुझ्यासमोर उभी राहीन, अबोली रंगाची साडी नेसून, म्हणजे गर्दीत दिसेन. उतरलीस की माझ्याकडे बघत ये. त्यांनी हाक मारली की मी मान हलवीन. तू वळ. एवढं एकदाच. मग घरी गेल्यावर हळूहळू सांगू लोकांना, पुन्हा कमी झालं म्हणू. त्या गर्दीसमोर तू न वळता चालत राहिलीस आणि सगळे हसले, तर मला ते बघवणार नाही. माझ्यात तेवढी ताकद नाही.

मला माहीत आहे मी काय मागतेय.

तुझी आई

•

टोकियो,
२६ नोव्हेंबर २०२५

ती. आईस,

आज इथलं सगळं संपलं. शेवटच्या कार्यक्रमात सगळ्या देशांच्या पोरी एकमेकींत मिसळल्या होत्या आणि कुणाचे हात कुणाशी बोलतायत ते कळत नव्हतं. मीही बोलले. पण माझ्या अंगावर पळायचे कपडे होते, त्यांच्या घडीच्या रेघाही गेल्या नव्हत्या.

पुन्हा तपासणी झाली. त्याच बाई होत्या. यावेळी मी डोळे मिटले. पुण्यासारखंच निघालं, उलट थोडं वाईटच. समितीच्या गृहस्थांनी तसा कागद दिला आणि माझा हात बराच वेळ धरून ठेवला. त्या बाई जिन्यापर्यंत सोडायला आल्या. त्यांनी मास्क काढला आणि काहीतरी म्हणाल्या. ओठ दिसत होते, पण जपानी मला येत नाही. मी होय म्हणाले नाही. खुणेनं सांगितलं, कळलं नाही. मग त्यांनी कागदावर लिहून दुभाष्याला दिलं. लिहिलं होतं, मी तुमच्याकडे बघायला नको होतं. मी त्यांना सांगितलं, बघण्यात तुमची चूक नाही.

पुढच्या स्पर्धा चार वर्षांनी आहेत. मॅडम म्हणतात, तेव्हा मी पंचविशीत असेन, चारशेसाठी वय बरं असतं. त्या तोवर माझ्याबरोबर राहतील की नाही ते त्यांनाही माहीत नाही. मी काही ठरवलेलं नाही. हिरवा दिवा मात्र झोपेत दिसतो.

तुझं पत्र मिळालं. तू मोरीत बसलीस ते वाचून मला इथून काहीच करता येईना. विमान तीस तारखेला सकाळी पुण्याला उतरतंय. बारामतीहून बाराच्या एसटीनं येते.

मी वळणार नाही, आई. बनाबाईंनी हाक मारू दे, मंडळानं मारू दे, मामांनी मारू दे. हसले तर मला ऐकू येणार नाही, ते तुलाच ऐकावं लागेल. त्याचं मला फार वाईट वाटतं. पण त्यातून मी तुला सोडवू शकत नाही. हलगी वाजवू दे, ती मला छातीत कळते.

केस वर बांधून येते आहे. तू अबोली साडी नेस आणि खांबाजवळच उभी राहा, मला समोर तू लागतेस. फक्त मान हलवू नकोस.

तुझी उत्की